लाकडी धनुष्य दोन तुकड्यांत सुटं करायचं, तर जोड कोणता?

आधी मूठ बघा. दोरी ओढल्यावर मूठही वाकत असेल तर त्या धनुष्याला करवत लावू नका. कोणताही जोड तिथे टिकत नाही. मूठ ताठ राहत असेल तरच पुढचं वाचा. मग गरज तपासा. ६८ इंची धनुष्य म्हणजे सुमारे १७३ सेंटिमीटर, आणि बऱ्याच विमान कंपन्या बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटरच चालवून घेतात. गाडीच्या मागच्या सीटवर तिरकं मावत असेल तर उगाच कापू नका.

आता जोड. बिजागरी विसरा. भुजा, म्हणजे धनुष्याचे वाकणारे दोन हात, नट-बोल्टने मुठीवर कसायची पद्धत चांगली, पण तिला रुंद, जाड मूठ लागते. सलग लाकडाच्या बारीक मुठीत भोकं पाडायला सांगणाऱ्यांनी तसं धनुष्य स्वतः ओढून दाखवावं. लाकडात लाकूड अडकवणारा जोड देखणा असतो, पण दर वेळी दोऱ्याने आवळत बसावं लागतं. माझं मत पक्कं आहे: एकात एक बसणाऱ्या दोन पोलादी नळ्या. घोडागाडीतून न्यायची धनुष्यं इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात अशाच सॉकेटवर बनत. नळी गोल नको, लंबगोल घ्या, म्हणजे भुजा फिरत नाहीत. लांबी ४ इंच पुरे. फायबरग्लासची घरी बनवलेली नळीही चालते, फक्त मूठ जाडी होते.

भुजा ढोबळ वाकायला लागल्या की मुठीच्या मध्यावर काटकोनात कापा. शेवटचं टिलरिंग, म्हणजे दोन्ही भुजा सारख्या वाकाव्यात म्हणून तासणं, जोड बसल्यावरच.

खरी परीक्षा नळी चिकटवताना. लाकूड नळीत घट्ट ठोकून बसवा, असा सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका. घट्ट बसलं की इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) पुसली जाते आणि भुजा वाकडी गेली तर हलवायला जागाच उरत नाही. चहूबाजूंनी अर्धा मिलिमीटर मोकळं ठेवा, लाकडावर कानशीने आडव्या चरा पाडा आणि हवा निघून जायला एक उभी खाच ठेवा. नाहीतर आत कोंडलेली हवा लाकूड परत बाहेर ढकलते. नळीची आतली बाजू पॉलिश पेपरने खरवडून अॅसिटोनने पुसा. पाच मिनिटांत सुकणारी इपॉक्सी घेऊ नका, सावकाश सुकणारीच हवी.

एका वेळी एकच बाजू चिकटवा आणि रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी, नळी जिथे नळीत सरकते तिथे मेण चोळा. हे विसरलात तर सुटं धनुष्य कायमचं अखंड होईल. मग नळ्या जोडा, दुसरी बाजू इपॉक्सी लावून घाला आणि टोकाच्या खाचेपासून खाचेपर्यंत दोरा ताणा. एक डोळा मिटून पाहा: दोरा मुठीच्या मध्यरेषेवरून जायला हवा. जात नसेल तर भुजा हलकेच सरकवा. बाजूनेही बघा, एक भुजा पुढे झुकलेली नको. सगळं जुळलं की सरळ फळीला क्लॅम्प करा. तासाभराने पुन्हा डोळा लावा. क्लॅम्प आवळताना हमखास काहीतरी सरकतं.

पूर्ण कडक होईपर्यंत दोरी चढवू नका. पुढे कधी ओढताना मुठीतून बारीक ‘टिक’ ऐकू आली तर बाण सोडू नका, ओढलेली दोरी सावकाश सैल करत जागेवर आणा आणि उतरवा. लाकूड नळीपासून सुटलंय. खरवडून पुन्हा चिकटवा.