व्हिसाचा एक्स-रे साफ आला, मग आता रक्त कशाला?

सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर इंग्लंडला निघताना भारतातच छातीचा एक्स-रे होतो, टीबी नसल्याचा दाखला मिळतो. इथे जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवलं की कधी पत्र येतं: टीबीसाठी रक्त तपासून घ्या. 'झालंय की आमचं' म्हणून ते केराच्या टोपलीत टाकू नका.

एक्स-रेत दिसतो तो फुप्फुसातला जागा, म्हणजे सक्रिय, टीबी. जंतू नुसते दडून बसलेले असले, म्हणजे टीबी सुप्त असला, तर एक्स-रे बहुधा स्वच्छच येतो. असा माणूस आजारी नसतो, त्याच्यापासून कुणाला लागणही होत नाही. पण अशा शंभरातल्या साधारण 5 ते 10 जणांना पुढे कधीतरी खरा आजार होतो. तो मानेच्या गाठीत किंवा मणक्यात निघाला, तर छातीचा एक्स-रे काय सांगणार?

हा दडलेला टीबी शोधणारी रक्ताची तपासणी मुख्यतः 16 ते 35 वयाच्या, गेल्या 5 वर्षांत भारतासारख्या देशातून आलेल्यांसाठी आहे. पत्र सगळ्यांना येतंच असं नाही, आपणहून विचारा. आश्रय मागायला आलेल्यांकडे व्हिसाचा दाखलाच नसतो, त्यांनी तर विचारावंच. जीपीकडे नोंदणीला पत्त्याचा पुरावा किंवा पासपोर्ट सक्तीचा नाही. काउंटरवर अडवलं तर शांतपणे हेच सांगा.

उपाशी जायची गरज नाही. बऱ्याच ठिकाणी राखाडी, हिरव्या, पिवळ्या आणि जांभळ्या बुचाच्या चार नळ्यांत प्रत्येकी 1 मिली रक्त घेतात. आतल्या भिंतीवरचा लेप रक्तात मिसळावा म्हणून नळ्या दहा वेळा हलवतात. ते नीट झालं नाही किंवा नळ्या प्रयोगशाळेत उशिरा पोचल्या, तर उत्तर 'अनिश्चित' येऊ शकतं. म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे. पुन्हा रक्त द्यायचं, इतकंच. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) घ्यायची असेल तर रक्त त्याच दिवशी द्या, नाहीतर निदान चार आठवडे थांबा. दंडावरच्या बीसीजीच्या व्रणाची चिंता नको, ती लस या तपासणीला फसवत नाही. गोंधळ होतो तो हातावर टोचायच्या चाचणीत.

पॉझिटिव्ह आलं तर जागा टीबी नाही ना, हे आधी पाहतात. मग 3 महिने रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड, किंवा 6 महिने नुसतं आयसोनियाझिड, सोबत बी-6 जीवनसत्त्व. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घाबरू नका; पण कॉन्टॅक्ट लेन्सवर डाग कायमचे पडतात आणि गर्भनिरोधक गोळी निकामी ठरू शकते, तेव्हा दुसरा उपाय आधीच ठरवा. दारू बंद. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी टीबी नर्सला फोन करा. तपासणी आणि औषधं मोफत आहेत. व्हिसाला धक्का लागत नाही.

निगेटिव्ह आलं तरी तीन आठवड्यांवर गेलेला खोकला, रात्रीचा घाम, संध्याकाळची कणकण अंगावर काढू नका. इथल्या जीपीला टीबी क्वचितच भेटतो, म्हणून 'मी भारतातून आलोय, टीबी तपासा' असं स्पष्ट म्हणा. आणि बॅगेत आणलेली लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची पाकिटं उघडू नका: त्या गोळ्यांनी टीबी तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं.