ईमेल लिस्ट आणि साइन-अप फॉर्म: आधी डोमेन, मग डिझाइन

जुन्या बिलांवरचे ईमेल आणि प्रदर्शनात जमलेली व्हिजिटिंग कार्डं एका एक्सेलमध्ये कोंबली की लिस्ट तयार होते, असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. विकतच्या लिस्टचं तर नावही काढू नका. ज्यांनी स्वतःहून पत्ता दिला, फक्त त्यांचीच लिस्ट करायची. समजा, तुम्ही रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या पाठवता आणि हंगाम सुरू झाला की गिऱ्हाइकांना कळवायचं आहे.

मेलचिंप, ब्रेव्हो, झोहो कॅम्पेन्स, यांतली एकगठ्ठा मेल पाठवणारी कुठलीही सेवा घ्या. यावर दिवस घालवू नका.

मेल स्वतःच्या डोमेनवरूनच, म्हणजे स्वतःच्या वेबसाइटच्या नावाच्या पत्त्यावरूनच, जायला हवा. जीमेलचा फुकटचा पत्ता ‘प्रेषक’ म्हणून टाकलात, तर तुमचं पत्र बनावट वाटून स्पॅममध्ये जाऊ शकतं.

आता खरी अवघड पायरी: डोमेनच्या डीएनएसमधल्या, म्हणजे डोमेनची तांत्रिक माहिती ठेवणाऱ्या यादीतल्या, नोंदी. सगळे लेख ‘एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सेट करा’ एवढं एका ओळीत उरकतात आणि माणूस नेमका इथेच अडकतो. मीही अडकायचो. एसपीएफ म्हणजे तुमच्या डोमेनवरून मेल कोण पाठवू शकतं याची यादी, डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही आणि डीमार्क म्हणजे या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं याची सूचना. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5000 किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या आहेत. तुम्ही पन्नासच मेल पाठवत असाल तरी तिन्ही करा.

एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असते. ऑफिसच्या मेलची आधीच असेल आणि नव्या सेवेने आणखी एक मागितली, तर दुसरी ओळ जोडू नका. दोन नोंदी असल्या की तपासणीच फसते आणि ऑफिसचे नेहमीचे मेलही अडचणीत येतात. जुन्याच ओळीत नव्या सेवेचा भाग घाला.

डीकेआयएममध्ये घोळ होतो तो नोंदीच्या नावात. सेवा पूर्ण नाव देते, शेवटी तुमच्या डोमेनसकट. बरीच होस्टिंग पॅनलं (जिथे या नोंदी भरायच्या ती पानं) डोमेन आपणहून जोडतात, त्यामुळे तसंच पेस्ट केलं की डोमेन दोनदा लागतं. सेवा ‘नोंद सापडत नाही’ म्हणत राहते आणि तुम्ही ‘अजून अपडेट व्हायचं असेल’ म्हणून दोन दिवस वाट बघत बसता. सेव्ह केल्यावर पूर्ण नाव डोळ्यांनी वाचा. डोमेन दोनदा दिसलं तर एक काढा.

डीमार्क सुरुवातीला ‘नन’वर (none, म्हणजे तपासणी फसली तरी मेल अडवू नका) ठेवा. मग स्वतःच्या जीमेलला एक मेल पाठवा आणि तीन टिंबांतून ‘शो ओरिजिनल’ उघडा. तिन्हींपुढे ‘पास’ हवं आणि डीकेआयएमपुढे तुमचंच डोमेन हवं. तिथे सेवेचं डोमेन दिसत असेल तर काम अर्धवट आहे. हे झाल्याशिवाय फॉर्मला हात लावू नका.

फॉर्ममध्ये ईमेल आणि फार तर नाव. जन्मतारीख, मोबाइल कशाला हवाय? ‘हंगामात आठवड्याला एक मेल, भाव आणि उपलब्धता’ असं स्पष्ट लिहा. संमतीचा चौकोन रिकामा ठेवा, टिक गिऱ्हाईक करील. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती स्पष्ट कृतीतून यावी आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असावं, असंच म्हटलं आहे. म्हणून अनसबस्क्राइबची लिंक ठळक ठेवा आणि त्यासाठी लॉगिन मागू नका.

डबल ऑप्ट-इन चालू करा, म्हणजे फॉर्म भरल्यावर आलेल्या कन्फर्मेशनच्या मेलमधलं बटण दाबलं तरच पत्ता लिस्टमध्ये जाईल. ‘त्याने लोक गळतात’ हा सल्ला मला मान्य नाही. गळतात ते चुकीचे टाइप झालेले पत्ते, बॉट आणि दुसऱ्याच्या नावाने भरलेले फॉर्म. कन्फर्मेशनचा मेल सेवेच्या इंग्रजी साच्यातून जाऊ देऊ नका. विषयात तुमच्या बागेचं नाव आणि ‘पत्ता पक्का करा’ एवढं मराठीत लिहा, आत एकच बटण. फॉर्म भरल्यावर येणाऱ्या पानावर ‘आता इनबॉक्स उघडा, तिथे नसेल तर स्पॅम बघा’ असं सांगा.

शेवटी मोबाइलवरून जीमेल, याहू आणि एखाद्या कंपनीच्या पत्त्याने फॉर्म भरा, बटण दाबा, लगेच अनसबस्क्राइबही करून बघा. तिन्ही पत्त्यांवर हे सुरळीत झालं की फॉर्मची लिंक गिऱ्हाइकांना द्या.