पहिल्या एए मीटिंगला जाण्याआधी

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणारे एकमेकांच्या मदतीसाठी जमतात तो समूह. तिथे जाण्याआधी पहिलं काम डॉक्टरांचं. रोज सकाळी हात थरथरत असतील, घोट घेतल्याशिवाय अंघोळीलाही जाववत नसेल, तर मीटिंगच्या उत्साहात दारू एका झटक्यात तोडू नका. शेवटच्या ग्लासानंतर दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. त्यापुढे भास, भ्रम, ताप सुरू झाले तर ते जिवावर बेतू शकतं. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन रोज किती पिता आणि शेवटची कधी घेतली, हे आकडा कमी न करता सांगा. गोळ्या चालू असताना मीटिंगला जायला काहीच आडकाठी नाही. कुणी जुना सभासद 'गोळ्या सोड' म्हणाला तर ते त्याचं खाजगी मत. ऐकून घ्या, गोळ्या डॉक्टरांना विचारूनच बंद करा.

मग मीटिंग शोधणं. एएच्या संकेतस्थळावर आणि हेल्पलाइनवर गावागावांतल्या समूहांचे वार आणि वेळा मिळतात. तिथे जमलं नाही तर केंद्र सरकारच्या १४४४६ या नशामुक्ती क्रमांकावर विचारा, नाहीतर जवळच्या केंद्रातल्या समुपदेशकाला. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचे पाठपुरावा गट इतर शहरांतही भरतात. ते एए नव्हेत, पण जवळ तोच गट असेल तर तिथे जा. फोन एएला केलात की उचलणारा माणूस स्वतः त्यातून गेलेला असतो, त्यामुळे लाजत 'एका मित्रासाठी विचारतोय' म्हणालात तरी त्याला कळतं आणि तो तसं दाखवत नाही. त्याला विचारायच्या गोष्टी मात्र आधी कागदावर लिहा: भाषा मराठी की हिंदी-इंग्रजी, मीटिंग खुली की बंद, कोणतं गेट, कितवा मजला. बंद मीटिंग फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते, खुल्या मीटिंगला बायको, भाऊ, कुणीही येऊ शकतं. गेटचा प्रश्न फालतू वाटेल, पण बऱ्याच मीटिंगा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या खोलीत भरतात, बाहेर मोठी पाटी नसते, आणि अंधारात वॉचमनला 'दारूवाल्यांची मीटिंग कुठाय' विचारायची वेळ आली की माणूस तिथूनच परत फिरतो. रस्त्यापर्यंत घ्यायला याल का, असं सरळ विचारा. बहुतेक वेळा येतात.

माझं ठाम मत असं की पहिली मीटिंग निवडताना समूह चांगला की वाईट हे बघूच नका, घड्याळ बघा. कामावरून सुटल्यावर ज्या वेळी पाय आपोआप बारकडे वळतात, नेमक्या त्या वेळेची मीटिंग घ्या, आणि घरापासून जवळची. ओळखीचं कुणी दिसेल म्हणून लोक लांबचा समूह धरतात; मग पावसाळा आला, लोकल रखडली की जाणं सुटतं. ओळखीचं कुणी दिसलंच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. गटारी, एकतीस डिसेंबर, मेहुण्याची हळद, या तारखांच्या संध्याकाळी कुठली मीटिंग आहे ते आधीच कॅलेंडरवर मांडून ठेवा. परगावी किंवा परदेशात असाल तर ऑनलाइन मीटिंगा आहेत. हेडफोन लावा आणि दार लावून बसा.

घरी सगळं सांगायलाच हवं असं नाही, पण खोटं नको. 'सात ते साडेआठ मीटिंग आहे' एवढं पुरे. बायकोला पुरावा म्हणून ओढत नेऊ नका. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे, मुक्तांगणचा 'सहचरी' गटही आहे. जायचं की नाही ते त्यांचं त्या ठरवतील. बाईला स्वतःसाठी जायचं असेल तर फोनवरच महिलांची वेगळी मीटिंग आहे का, हे विचारावं. पुरुषांनी भरलेल्या वर्गात पहिल्याच दिवशी एकटीने बसणं सोपं नसतं.

सोबत न्यायचं फारसं काही नाही. केसपेपर नको, आधार कार्ड नको. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले. त्यातून एए उभं राहिलं, आणि अजूनही तिथे पिणाराच पिणाऱ्याशी बोलतो. फी नाही. शेवटी डबा फिरतो, त्यात स्वेच्छेने दहा-वीस रुपये. पहिल्या दिवशी नाही टाकले तरी कुणी बघत नाही. फोन सायलेंट ठेवा, रेकॉर्डिंग अजिबात करू नका. जेवून किंवा निदान वडापाव खाऊन जा, रिकाम्या पोटी तलफ जास्त छळते. त्या दिवशी घेतली असेल तर? तरी जा, मागच्या बाकावर बसा, फक्त ऐका.

बोलायची पाळी आली तर पहिलं नाव सांगा आणि 'आज ऐकायला आलोय' म्हणा. 'मी मद्यपी आहे' हे पहिल्याच दिवशी तोंडातून निघालं पाहिजे असा नियम नाही. दारू सोडायची इच्छा, सभासदत्वाची अट एवढीच. प्रार्थना होईल. देव मानत नसाल तर गप्प उभे राहा, असे बरेच जण असतात. कुणाचं शेअरिंग कंटाळवाणं निघेल, कुणी तीच गोष्ट दर आठवड्याला सांगत असेल. एवढ्यावरून निकाल लावू नका, वेगवेगळ्या समूहांत पाच-सहा मीटिंगा झाल्यावर ठरवा.

उठण्याआधी दोघांचे तरी नंबर घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच, तलफ नसताना, एकाला फोन लावून बघा. संध्याकाळी हात थरथरत असताना पहिल्यांदा अनोळखी माणसाला फोन करणं फार जड जातं.