चेक परत आला? आधी मेमोची तारीख बघा
उधारीच्या मालाचा चेक ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ म्हणून परत आला, की बँक सोबत एक मेमो देते. तो गल्ल्यात कोंबून ठेवू नका. मेमो हाती पडल्यापासून ३० दिवसांत पैसे मागणारी लेखी नोटीस गेलीच पाहिजे. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस. तरीही पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट (चेक, हुंडी वगैरेंचा कायदा) याच्या कलम १३८ खाली कोर्टात तक्रार. ‘सोमवारी नक्की देतो, शेठ’ या शब्दावर विसंबून कितीतरी दुकानदारांचे ते ३० दिवस निघून जातात, फार वाईट वाटतं. मुदत हुकलीच, तर चेकवरच्या तारखेपासून तीन महिने उलटण्याआधी तो पुन्हा खात्यात भरा. पुन्हा परत आला, तर नोटिशीचे ३० दिवस नव्याने मिळतात.