गेलेला वास परत यावा म्हणून नाकाचा सराव कसा करावा

सर्दी, फ्लू किंवा कोविड बरा झाला, नाक मोकळे झाले, तरी समोरच्या ताटातील हुमणाचा, म्हणजे माशांच्या आमटीचा, वास येत नाही, अशी अवस्था अनेकांच्या वाट्याला येते. यावर घरच्या घरी करता येणारा, रोज ठरावीक वास लक्षपूर्वक हुंगण्याचा सराव अगदी साधा आहे. परंतु तो कशासाठी करायचा हे उमगले नाही, तर माणूस आठवड्याभरात कंटाळून तो सोडून देतो. म्हणून आधी नाकाच्या आत काय घडते ते समजून घ्यावे.

वास टिपणारे ऊतक नाकपुडीत नसून नाकाच्या पोकळीच्या छताशी, साधारण डोळ्यांच्या पातळीवर असते आणि त्याचा विस्तार जेमतेम काही चौरस सेंटिमीटर असतो. त्यात लाखो चेतापेशी असतात. प्रत्येक पेशीच्या एका टोकाचे सूक्ष्म केस वरच्या चिकट द्रवात बुडालेले असतात, तर दुसऱ्या टोकाचा तंतू छताच्या सच्छिद्र हाडातून वर जाऊन घ्राणकंदाला, म्हणजे मेंदूच्या वासाचे संदेश घेणाऱ्या भागाला, मिळतो. वास ओळखणाऱ्या ग्राहींची, म्हणजे चेतापेशींवरील वासाचे रेणू टिपणाऱ्या प्रथिनांची, जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये उजेडात आणली व २००४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही कार्यरत असतात आणि साधारणपणे एका चेतापेशीवर एकाच प्रकारचा ग्राही असतो. या पेशींना सांभाळणाऱ्या आधारपेशी त्यांच्या आजूबाजूला असतात, आणि तळाशी असलेल्या मूळपेशी नव्या चेतापेशी घडवीत राहतात. शरीरातील बहुतेक चेतापेशी एकदा गेल्या की गेल्याच. हे ऊतक मात्र त्याला अपवाद आहे आणि सरावाची सारी भिस्त त्यावरच आहे. कोविडचा विषाणूही मुख्यतः आधारपेशींनाच धरतो, कारण त्याला आत शिरू देणारा एसीई-२ हा रेणू त्यांच्यावर असतो, चेतापेशींवर नव्हे.

सराव सुरू करण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा नाक दाखवून घ्यावे. आत मांस वाढलेले असेल, तर वास छतापर्यंत पोहोचतच नाही आणि कितीही हुंगले तरी उपयोग होत नाही. वास एकाच बाजूचा गेला असेल, नाकातून रक्त येत असेल किंवा डोक्याला मार लागल्यानंतर पाण्यासारखा स्राव गळत असेल, तर अजिबात वेळ दवडू नये.

त्यानंतर खरा वास आणि नाकाला होणारी बोच यांतील फरक ओळखायला शिकावे. कापूर, बाम, अमोनिया यांची झणझणीत जाणीव चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या वेगळ्याच चेतेमार्फत होते. त्यामुळे घ्राणपेशी निकामी असल्या तरी बाम नाकात चढतो आणि माणसाची समजूत होते की वास येतो आहे. फेणीची बाटली हुंगून खात्री करून घेणाऱ्यांचेही हेच होते, कारण मद्यार्क बोचतो. आपल्याकडे गोव्यात ही परीक्षा तिरफळ या मसाल्याच्या फळाने उत्तम होते. बांगड्याच्या आमटीतले तिरफळ जिभेवर झिणझिण्या आणते, ते काम स्पर्शाच्या चेतांचे. पण त्याची सालपटे चुरडल्यावर लिंबाशी नाते सांगणारा जो गंध सुटतो, तो केवळ नाकाच्या छतावरच कळतो. जीभ झिणझिणते आणि गंध मात्र लागत नाही, असे झाले तर दोष नेमका कुठे आहे हे ध्यानात येते.

आता चार वास निवडावेत. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे वासाचे संशोधक थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास रुग्णांना १२ आठवडे, दिवसातून दोनदा दिले होते आणि सराव न करणाऱ्यांपेक्षा सराव करणाऱ्यांमध्ये सुधारणा अधिक दिसली. गुलाबाऐवजी सुरंगीची सुवासिक फुले घेण्यास माझ्या मते काहीच हरकत नाही; फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचे वळेसर (गजरे) मिळतात आणि फुले वाळली तरी सुवास धरून ठेवतात. मनात ज्याची आठवण पक्की आहे असा वास निवडणे केव्हाही बरे. प्रत्येक वस्तू घट्ट झाकणाच्या काचेच्या लहान बरणीत ठेवावी. गोव्याच्या पावसाळ्यात लवंगेलाही दमटपणा लागतो आणि बुरशीचा वास मूळ वासावर कुरघोडी करतो, म्हणून जिन्नस वरचेवर बदलावा. लिंबाची साल तर दोन दिवसांत बदलावी. निलगिरीचे तेल कापसावर एकच थेंब घ्यावे आणि नाकाला लावू नये.

सकाळी आणि रात्री, शांत बसून, बरणी नाकाजवळ धरावी आणि सुमारे दहा सेकंद हलके, लहान श्वास घेत हुंगावे. नेहमीच्या श्वासातील हवेचा थोडाच भाग छताकडे जातो. असे हुंगल्याने तो वाढतो. हुंगताना त्या वस्तूची आठवण मनात आणावी. वास आला नाही तरी तेवढा वेळ लक्ष तेथेच ठेवावे, थोडे थांबून पुढची बरणी घ्यावी आणि काय जाणवले ते वहीत एका ओळीत नोंदवावे. तीन महिन्यांनंतर वेलची, जायफळ, आमसूल, हळदीचे पान असा दुसरा संच घेता येतो.

मध्येच कॉफी, कांदा किंवा भाजलेले मांस जळकट, कुजकट वाटू लागले, तर घाबरू नये. नवे तंतू घ्राणकंदात नीट जुळेपर्यंत असे होऊ शकते आणि पुष्कळदा ते ऊतक सावरत असल्याचे लक्षण असते. तेवढे दिवस ते पदार्थ टाळावेत, सराव सोडू नये. नाक धुवायचे असेल, तर विहिरीचे किंवा नळाचे पाणी थेट कधीही वापरू नये. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालूनच धुवावे.

वास परतेपर्यंत घरातील काही कामे नाकावर सोपवू नयेत. मासळी विकत घेताना कल्ले लाल आहेत ना, डोळे स्वच्छ आहेत ना हे पाहावे, फ्रीजमधल्या उरलेल्या कालवणावर तारीख लिहावी आणि सिलिंडर असलेल्या स्वयंपाकघरात गॅसगळती होताच वाजणारे यंत्र बसवून घ्यावे.