मारुती ८०० चा पुढचा बॉल जॉइंट घरी बदलताना

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, त्यामुळे आज रस्त्यावर दिसणाऱ्या सर्वांत नव्या ८०० चेही वय दहा वर्षांच्या पुढे गेले आहे. या वयाच्या गाडीत पुढच्या खालच्या आर्मच्या (बॉडीपासून चाकापर्यंत जाणाऱ्या लोखंडी दांडीच्या) टोकाचा बॉल जॉइंट, म्हणजे खोबणीत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा, बहुधा त्यावरचे आवरण, म्हणजे बूट, फाटल्यामुळे जातो. रबरी बूटला चीर पडली की पावसाळ्यातले पाणी आणि चिखल आत शिरतो, ग्रीस धुऊन जाते आणि गोळा कोरडाच घासू लागतो. सुरुवातीला गतिरोधकावर नुसते ‘टक्’ वाजते, पण झीज वाढत गेली तर गोळा खोबणीतून निसटतो आणि चाक खालून मोकळे होऊन आडवे होते. म्हणून हा आवाज ‘पुढच्या सर्व्हिसिंगला पाहू’ म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

आवाज खरोखर बॉल जॉइंटचाच आहे का, हे आधी ठरवावे. हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावून गाडीचा पुढचा भाग उचलावा आणि बॉडीखालच्या मजबूत जागी दोन स्टँड द्यावेत. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे स्टँडऐवजी कधीही वापरू नयेत, कारण ते तडा न दाखवता एकदम फुटतात. आता चाक वर आणि खाली धरून हलवावे. हालचाल जाणवली तर दुसऱ्या कोणाला ब्रेक दाबून ठेवायला सांगावे. ब्रेक दाबताच हालचाल नाहीशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे. चाक डावी-उजवीकडे धरल्यावर खेळ (सैलपणा) जाणवत असेल तर आधी टायरॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगच्या दांडीचा चाकाकडचा सांधा, पाहावा. खरी परीक्षा पहारीने होते: आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसते तो ओतीव भाग) यांच्यामध्ये छोटी पहार घालून हलकेच वर-खाली दाब द्यावा आणि सांध्यावर बोट ठेवावे. डोळ्यांना न दिसणारा खेळही बोटाला कळतो.

या गाडीत बॉल जॉइंट आर्मचाच भाग म्हणून येतो आणि सुझुकीची पद्धत अख्खा आर्म बदलण्याची आहे. जुन्या आर्ममध्ये सुटा जॉइंट प्रेसने बसवून देणारे कारागीर भेटतात, पण घरी काम करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे. शिवाय पूर्ण आर्म घेतला की आतल्या टोकाचा रबरी बुशही नवा मिळतो. नवा आर्म जुन्याशेजारी ठेवून डावा-उजवा आणि भोकांची जागा जुळते ना, हे जुना काढल्याबरोबर पडताळावे.

बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करावेत. स्टॅबिलायझर बारवर (दोन्ही बाजूंच्या आर्मना जोडणाऱ्या आडव्या दांडीवर) ताण राहू नये म्हणून एकच बाजू बदलायची असली तरी पुढची दोन्ही चाके अधांतरी असावीत. या गाडीत बारचे टोक आर्ममधून आरपार जाते आणि आर्मला पुढे-मागे सरकण्यापासून तोच रोखतो. त्या टोकावरचे वॉशर आणि रबर कोणत्या क्रमाने आहेत याचा फोटो काढावा, स्प्लिट पिन काढून नट सैल करावा, आणि आर्म बॉडीला जोडणारा आतला बोल्टही सैल करून ठेवावा. आर्म नकलमध्ये घट्ट अडकलेला असतानाच हे उरकले तर तो पान्याबरोबर फिरत नाही.

आता नकलमधला आडवा बोल्ट. बॉल जॉइंटच्या दांड्याला मध्ये एक खाच असते आणि हा बोल्ट त्या खाचेतून जातो. त्यामुळे तो नुसता ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. तो आत असताना कितीही ठोकले तरी दांडा हलत नाही, उलट नकलचे मात्र नुकसान होते. बोल्ट निघाल्यावर आर्मवर पहारीने खाली दाब द्यावा. दांडा चिकटला असेल तर नकलच्या फटीत जाड स्क्रू-ड्रायव्हर घालून ती केसभर उघडावी. तिथे पाचर ठोकून फट रुंद करण्याचा मोह टाळावा, तसेच गॅसची ज्योतही लावू नये. दांडा सुटला की नकल बाहेरच्या बाजूला ओढू नये, नाहीतर चाक फिरवणारा ड्राइव्हशाफ्ट आतल्या सांध्यातून निसटतो आणि ब्रेकच्या होजवर ताण येतो; नकल जाड तारेने वर बांधून ठेवणे उत्तम. मग बारवरचा नट आणि आतला बोल्ट काढून आर्म बाहेर घ्यावा. तो बारवरून सरकत नसेल तर बारच्या पुढच्या पट्ट्यांचे बोल्ट सैल करावेत.

नवा आर्म बारवर चढवून आतला बोल्ट हातानेच लावावा. दांडा नकलमध्ये पूर्ण वर सारून खाच बोल्टच्या भोकासमोर आणावी. आडवा बोल्ट बोटांनी सरकत आत गेला पाहिजे. तो अडत असेल तर दांडा अजून खाली आहे असे समजावे आणि पान्याचा जोर लावू नये. सर्व नट-बोल्ट वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळावेत. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये असतात, त्यांना ९.८ ने गुणले की न्यूटन-मीटर मिळतात. स्प्लिट पिन नवीच वापरावी. नटाची खाच भोकाशी जुळत नसेल तर नट किंचित आणखी आवळावा, मागे फिरवू नये.

आतला बोल्ट मात्र इतक्यात आवळायचा नाही. बुशमधले रबर पिळले जाऊन काम करते, आणि चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली येताच ते रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. मी पहिल्या वेळी हीच चूक केली आणि नवा बुश वर्षाच्या आत फाटला. चाके बसवून गाडी खाली घ्यावी, दोन्ही पुढची चाके जाड फळ्यांवर चढवून पान्यासाठी जागा करावी, बोनेटजवळ दोन-तीनदा दाब देऊन गाडी हेलकावू द्यावी आणि मग तो बोल्ट पूर्ण आवळावा. चाकाचे नट समोरासमोरच्या जोडीने आवळावेत.

त्यानंतर व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावी आणि साधारण १०० किलोमीटर चालवल्यावर प्रत्येक बोल्टला पुन्हा एकदा पाना लावून पाहावा.