कढीपत्ता फोडणीला आणि फुलपाखरांनाही

खिडकीतल्या ग्रिलमधला कढीपत्ता अळ्यांनी खाल्ला की आपण वैतागून फवारा मारतो. त्या बहुतेक कॉमन मॉरमॉन किंवा लाइम फुलपाखराच्या अळ्या असतात. लहानपणी हुबेहूब पक्ष्याची शीट, मोठेपणी हिरव्यागार.

1. कुंड्या दोन ठेवा. एक फोडणीची, एक त्यांची. (लिंबाचं रोपही चालतं.)
2. अळी चिमटीत धरू नका, लालसर शिंगं काढून उग्र वास सोडते. पानासकट डहाळी कापून दुसऱ्या कुंडीत टेकवा, ती आपली आपण चढते.
3. काठीला कोष दिसला की हलवू नका. साधारण 10-12 दिवसांत फुलपाखरू बाहेर पडतं.

नर्सरीतल्या रोपावर औषध मारलेलं असू शकतं, त्यामुळे नवी पालवी येईपर्यंत अळ्या त्यावर सोडू नका.